एकच रकाना भरला तर

सरळ सांगते, मला कॉम्प्युटर आवडत नव्हता. आम्ही पत्रकवाले. मथळा ठळक, खाली चार मागण्या, शेवटी दोन घोषणा, आणि बोटांना सायक्लोस्टाईलची शाई. वाचणाऱ्याला कळलं नाही तर दोष लिहिणाऱ्याचा, एवढंच मला शिकवलेलं. कॉम्प्युटरवाल्यांचं उलटं. तुम्हाला कळलं नाही तर दोष तुमचा!

तेव्हा शतक संपायला आलं होतं आणि संगमनेरात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या कापड दुकानांच्या डोक्यावर लागायला लागल्या होत्या. आमची मोहीम नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या वेगळ्या रेशनकार्डासाठी होती. पत्रकात आम्ही ‘परित्यक्ता’ लिहायचो, गावात बाया ‘टाकलेली’ म्हणायच्या. अशा बाईचं नाव एक तर नवऱ्याच्या कार्डावर अडकलेलं, नाही तर भावाच्या. साखर त्यांच्या घरात, रॉकेल त्यांच्या घरात, आणि ही मागच्या पडवीत काटक्या फुंकत बसलेली. तहसीलमध्ये गेलं की साहेब विचारायचे, ‘अशा आहेत किती? यादी आणा.’ म्हणून यादी.

पुण्यातल्या काही मंडळींनी ठरवलं की सगळ्या तालुक्यांची यादी एकाच नमुन्यात गोळा करायची. त्यांची वेबसाइट होती. तिच्यावर एक पान ठेवायचं, प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी ते उघडायचं, भरायचं आणि पाठवायचं. पान करायचं काम आमच्याच गावातल्या एका क्लासच्या मास्तरांनी अंगावर घेतलं. मास्तर म्हणायचं, पण वयानं माझ्याएवढाच. घर लांब मिरजगावकडं, इथं खोली घेऊन एकटा राहायचा आणि दिवसभर पोरांना टायपिंग शिकवायचा. पैसे घेतले नाहीत म्हणून मी त्याचा मान ठेवायचं ठरवलं होतं. ते पहिल्याच दिवशी मोडलं.

आमचा नियम साधा होता. चूल वेगळी तर घर वेगळं. गावात हिशेब तसाच चालतो. छप्पर एक असेल, भिंत एक असेल, पण दोन चुली पेटल्या की दोन घरं. तर पानावर पहिला प्रश्न आला, चुलीवर जेवणारी माणसं किती? उत्तर पाच दिलं की खाली पाच ओळी उमटायच्या. प्रत्येक ओळीत नाव, वय, नातं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, कारण मराठी अक्षरं इथं उमटली तरी पुण्यात गेल्यावर किडे-मुंग्या व्हायच्या. मला ते झटकन कळलं म्हणून मी खूश होते. मग मास्तरनं आतलं लिखाण दाखवलं.

‘हे नावाचे सगळे रकाने,’ तो म्हणाला, ‘या सगळ्यांना मी आत एकच नाव दिलंय.’

‘पाच माणसांना एक नाव?’

‘माणसांना नाही गं. रकान्यांना.’

‘मग कोण कुठला कसं कळणार?’

‘नंबरानं. एकाच नावाचे रकाने दिसले की जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हुकूम द्यायची भाषा, त्यांची रांग लावते. मग आपण म्हणायचं, रांगेतला शून्यावा दे, एकावा दे, दोनावा दे.’

‘शून्यावा कोण?’

‘पहिला.’

‘पहिला शून्य?’

‘हां.’

‘म्हणजे कुटुंबप्रमुख शून्य!’ मला ते फार आवडलं. पण आवडलं म्हणजे समजलं असं नाही. माझं म्हणणं असं होतं की प्रत्येक रकान्याला स्वतःचं वेगळं नाव द्या, भानगडच नको. तो म्हणाला, मग पाच माणसांना पाच वेळा तेच लिहायचं, अकरा असली तर अकरा वेळा. रांग लावली की एकदाच सांगायचं, ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा आणि प्रत्येकाला बघ.’ शेवट कुठं ते रांगेच्या लांबीवरून कळतं. एकही नाव भरलेलं सापडलं नाही तर पान पुढं जाऊ द्यायचं नाही, कोरे कागद यायला नकोत. मी मान डोलावली. सभेत वक्ता भरकटला की डोलावते तशी.

नंतर बाजारच्या दिवशी आक्का आली.

आक्का अकोले रस्त्यावरच्या एका गावची. टोमॅटो तोडायला, कांदा लावायला जायची. भावाच्या घरामागं तिचं छप्पर होतं आणि त्यात तिची स्वतःची चूल. नवरा घोटीकडचा, त्यानं दुसरी केलेली. आक्काचं नाव भावाच्या कार्डावर होतं आणि भाच्याचं लग्न ठरलं होतं. सून आली की तिचं नाव चढणार, आणि भावजय उघड म्हणाली होती की एक चढलं की एक उतरतं. आक्काला नाव उतरायचं दुःख नव्हतं. उतरलेलं नाव कुठंतरी चढलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. मागंही एका यादीत तिचं नाव घातलं होतं आणि ती यादी वर जाईतो नाव गळालं होतं. म्हणून या वेळी ती पिशवी घेऊन क्लासचा जिना चढून वर आली आणि माझ्याशेजारची खुर्ची ओढून बसली.

‘माज्या म्होरं भरा,’ ती म्हणाली. ‘गेल्याशिवाय मी उठायची न्हाई.’

त्या दिवशी संध्याकाळी पुण्याची यादी बंद होणार होती. मी आधी एका मोठ्या घराची माहिती भरली, सासरी राहूनही वेगळी चूल मांडलेली बाई आणि तिची पोरं. ‘पाठवा’चं बटण दाबलं, गेलं. मग दोन लेकी असलेली एक बाई, तीही गेली. आक्का पडद्याकडं बघून प्रत्येक वेळी ‘गेली व्हय?’ विचारायची आणि मी ‘गेली’ म्हणायची. आम्हा दोघींना मजा यायला लागली होती.

मग आक्काचं. माणसं किती? एक. एक ओळ उमटली. नाव घातलं, वय घातलं, नातं ‘स्वतः’. पाठवा दाबलं.

पडद्यावर चौकट आली. किमान एका व्यक्तीचे नाव भरा.

‘काय म्हनतंय?’ आक्कानं विचारलं.

‘नाव भरा म्हणतंय.’

‘भरलंय की. त्ये काय दिसतंय?’ तिनं काचेवर बोट ठेवलं. तिचं बोट बरोबर तिच्या नावावर होतं. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, पण ओळ एकच होती, चुकणार कशी?

मी पुसून पुन्हा लिहिलं. तीच चौकट. मास्तरला हाक मारली. तो म्हणाला, काहीतरी चुकीचं दाबलं असशील. त्यानं स्वतः भरलं. तीच चौकट. तो म्हणाला, पान जुनं उघडलं असेल. पुन्हा उघडलं. तीच चौकट. किमान एका व्यक्तीचे नाव भरा. बाई समोर बसली होती, नाव पडद्यावर होतं, आणि ते यंत्र म्हणत होतं की कोणी नाही!

माझं डोकं फिरलं. ‘हे मुद्दाम केलंय,’ मी म्हणाले.

‘कोणी?’

‘नातं स्वतः लिहिलं म्हणून अडवतंय. नवरा नाही, बाप नाही, म्हणून अडवतंय. तहसीलदार तेच करतो, तुझं यंत्रही तेच करतंय.’

‘जावास्क्रिप्टला नवरा-बायको कळत नाही,’ तो म्हणाला. ‘तिला नाव आहे का रिकामं आहे एवढंच कळतं.’

‘मग तेही कळत नाहीये!’

त्यानं रागानं एक नवं पान उघडलं, एक माणूस म्हणून स्वतःचंच नाव घातलं, वय, नातं स्वतः. दाबलं. किमान एका व्यक्तीचे नाव भरा.

आक्का त्याच्याकडं वळली. ‘तुमाला बी टाकलंय का कुनी?’

मास्तर लाल झाला. मी हसले, पण माझा मथळा गेला. बाई म्हणून अडवत नव्हतं. मग कशासाठी अडवत होतं? शत्रू दिसला की मला बरं वाटतं. इथं शत्रूच दिसेना.

मास्तरनं एक तोड काढली. माणसं किती, याला उत्तर दोन द्यायचं. दोन ओळी उमटतील. पहिली भरायची, दुसरी कोरी सोडायची. केलं, आणि काय आश्चर्य, पान पुढं सरकलं. पाठवण्याआधी खात्रीसाठी सारांश दिसायचा. त्यात आक्काचं नाव होतं आणि वर लिहिलं होतं, व्यक्ती २.

‘झालं,’ मास्तर म्हणाला. ‘पाठव.’

‘दोन लिवलंय?’ आक्काला आकडे येत होते.

‘ते नुसतं लिहायला लागतं हो. दुसरी जागा रिकामी आहे.’

‘दुसरं कोन पर?’

‘कोणी नाही.’

‘कोनी न्हाई तर दोन कशापाई?’

‘यंत्राची अडचण आहे, आक्का.’

‘यंत्राची हाय, पर कागूद तर माजा हाय. तिथं सायेब इचारंल, दुसरं कोन गं? भाऊ म्हनंल, मी हाय. न्हाईतर त्यो घोटीवाला ईल हात हलवत, माजीच जागा ठिवलीया म्हनत.’ ती माझ्याकडं बघायला लागली. ‘आन् लिवायचंच आसंल तर शेळी लिवा. ती तरी माज्यासंगं हाय.’

मास्तरला हसू आवरेना. मला हसावं की रडावं कळेना. तिचं बरोबर होतं. मास्तरचंही बरोबर होतं, संध्याकाळ जवळ येत होती आणि वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. दोन लिहून गेलेलं नाव बरं की एक लिहून राहिलेलं? पत्रकात असले प्रश्न येत नाहीत. पत्रकात मागणी असते. मी आक्काला म्हणाले, ‘तुम्ही सांगा, पाठवू का?’ ती म्हणाली, ‘एक लिवून जात आसंल तर धाडा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, मी बसलीया.’

मी खालच्या एसटीडी बूथवर गेले आणि पुण्याला फोन लावला. विचारायचं एवढंच होतं की बाकीच्या तालुक्यांनी एकटीचं कसं भरलं. पलीकडच्या बाईंनी कागद चाळले, पुन्हा चाळले.

‘एका माणसाचं घर?’ त्या म्हणाल्या. ‘असं एकही आलेलं नाही. आम्हालाही नवल वाटलं. आम्ही म्हटलं, गावांकडे बायका बहुतेक माहेरच्यांतच राहत असतील. तसं निवेदनात लिहायचा विचार चाललाय.’

‘काय लिहायचा?’

‘की एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ग्रामीण भागात जवळपास शून्य आहे.’

बूथवाला माझ्याकडं बघायला लागला इतका माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते आठवत नाही. बाई बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, आम्हाला आलंच नाही तर आम्ही काय समजायचं?’ मी मुदत मागितली. त्या यादी उद्या दुपारपर्यंत उघडी ठेवायला तयार झाल्या.

वर येऊन मी मास्तरला ते सांगितलं. प्रत्येक तालुक्यात कुणीतरी त्या चौकटीसमोर बसलं होतं आणि त्यानं आपली तोड काढली होती. पुढं कळलं की कुणी भाऊ लिहिला होता, कुणी आई लिहिली होती, वारलेली असूनही. कुणी ते फॉर्म सरळ बाजूला ठेवले होते. कुणीही कळवलं नव्हतं. आपलंच चुकतंय, कॉम्प्युटर कसा चुकेल?

मास्तरनं तपासायला एक ओळ घातली. दाबलं की रांगेची लांबी किती ते पडद्यावर दाखव. पाच माणसांची दाखवली, पाच. दोघांची, दोन. एकाची दाखवली आणि चौकटीत आकडाच आला नाही. एक इंग्रजी शब्द आला. अनडिफाइंड.

‘हे काय?’

‘ठाऊक नाही, असं म्हणतंय.’

‘एकाला एक म्हणायला काय जातं त्याचं?’

तो काचेकडं बघत हळूहळू बोलायला लागला, मला सांगतोय की स्वतःला, कळत नव्हतं. एका नावाचे दोन रकाने असले तर जावास्क्रिप्ट त्यांची रांग करते. रांगेला लांबी असते. पण त्या नावाचा रकाना एकटाच असला तर ती रांग करतच नाही. रकानाच उचलून हातात देते. आणि आपण त्या एकट्या रकान्याला विचारतो, तुझ्या रांगेची लांबी किती? त्याच्याजवळ उत्तर नाही. लांबी नाही म्हणजे शेवट नाही, शेवट नाही म्हणून नावं बघायची फेरी सुरूच होत नाही, आणि फेरी झाली नाही म्हणून भरलेलं नाव कुणी बघितलंच नाही. म्हणून कोणी नाही.

‘पण एकाची रांग का नसते?’ मी विचारलं.

‘नसते.’

‘का पण?’

‘त्यांनी तसं ठरवलंय.’

‘कोणी?’

‘मला काय माहीत!’

आक्का इतका वेळ ऐकत होती. ‘रेशनच्या दुकानात मी एकलीच हुबी आसले,’ ती म्हणाली, ‘तरी त्यो दुकानदार वरडतो, रांगंत हुबी ऱ्हा. मी मागं बघती, म्होरं बघती. म्हनलं, बाबा, मीच रांग हाय.’

मास्तर म्हणाला, दोन उपाय आहेत. एक, पानात कायमचा एक लपलेला रकाना ठेवायचा, म्हणजे एकटी असली तरी आत दोन होतील आणि रांग लागेल. मी म्हणाले, लपलेला दुसरा नको, त्याच्यावरूनच सगळं रामायण आहे. तो म्हणाला, अगं तो सारांशात दिसणार नाही. मी म्हणाले, तरी नको. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुसरा उपाय, आधीच विचारायचं, लांबी आहे का? नसेल तर हा एकटाच आहे असं धरायचं आणि सरळ त्याच्याकडं बघायचं.

‘म्हणजे एकटीसाठी वेगळी अट,’ मी म्हणाले.

‘वेगळी ओळ. अट नाही.’

‘सगळ्यांना एक नियम का नाही?’

त्यानं कपाळाला हात लावला. ‘तुमची मागणीच वेगळ्या कार्डाची आहे ना? मग वेगळ्या ओळीचा राग कशाला?’

आजही मला याचं धड उत्तर देता येत नाही. वेगळं मागायचं, आणि कुणी वेगळं काढलं की भडकायचं. दोन्ही राग खरे होते. ते एकमेकांशेजारी कसे बसतात, मला माहीत नाही. मी सभांमधून हे एकदोनदा मांडायचा प्रयत्न केला. लोक चहा प्यायला उठले.

वेगळी ओळ घातली. आक्काचं नाव, वय, स्वतः. माणसं एक. पाठवा. चौकट आली नाही. सारांश आला, व्यक्ती १. आक्कानं तो आकडा बघितला, मग पदरानं तोंड पुसलं.

‘गेली व्हय?’

‘गेली.’

‘आता गळायची न्हाई न्हवं?’

मी छातीठोक ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, ‘तहसीलपर्यंत तरी नाही.’ मास्तरनं तिला तो सारांश छापून दिला. तिनं घडी केली, पिशवीत भाजीवर ठेवली, मग काढली आणि पोलक्यात ठेवली. बदललेलं पान त्यानं त्याच दिवशी पुण्याला धाडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही बाकीच्या तालुक्यांना फोन करत बसलो, की बाबांनो, भाऊ काढा, मेलेल्या आया काढा, एकटी असेल तर एक लिहा. दुपारपर्यंत जेवढं झालं तेवढं झालं. सगळं झालं असं मी म्हणणार नाही.

तहसीलमध्ये यादीवर सुनावणी लागली, तेव्हा आक्का माझ्याबरोबर होती. रेशन पुरवठ्याचे साहेब यादीवरून बोट फिरवत आले आणि तिच्या नावाशी थांबले.

‘एकच व्यक्ती?’

‘व्हय.’

‘घरात अजून कोणी नाही?’

‘घर भावाचं हाय. चूल माजी हाय. बघायला या.’

आणि खरोखर, काही दिवसांनी तलाठी गेला. भावजय दारात उभी राहून म्हणाली, ती आमच्यातच जेवती. आक्कानं त्याला मागं नेलं. तो म्हणे वाकून राखेला हात लावून उठला. मी तिथं नव्हते, हे आक्कानं सांगितलं. राख गरम होती का, मी विचारलं. ती म्हणाली, ‘सकाळधरनं दोनदा पेटीवली. त्यो कवा ईल, काय सांगावं.’

भाच्याच्या लग्नानंतर कार्ड आलं. तिचं एकटीचं. मला वाटलं, ती पेढे घेऊन येईल, आपण फोटो काढू, पत्रकावर छापू. मथळासुद्धा तयार होता. ती बाजारच्या दिवशी आमच्या कचेरीत आली, पण पेढे नव्हते. कार्ड माझ्या टेबलावर आपटलं.

‘एका मान्साचं रॉकेल लई कमी देत्यात,’ ती म्हणाली. ‘दोन असली तर बरं मिळतं म्हनं. मला काय अंधार अर्धाच आसतो व्हय?’

मी मास्तरकडं बघितलं. तो त्या दिवशी सहज आला होता. तो भिंतीकडं बघायला लागला.

‘मंग?’ आक्का खुर्ची ओढून बसली. ‘लिवा पत्रक.’

मी कागद ओढला. बराच वेळ मला मथळाच सुचला नाही.